बांधावर घेतलेला परदेशी

माझ्या अहवालातला एकही आकडा कंपनीने नाकारलेला नाही, असं प्रणित वर्तक यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला समाधान वाटलं. मी रोह्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आपले आकडे प्रतिपक्षानेही मान्य करावेत, याहून मोठी शाबासकी माझ्या व्यवसायात नाही. ते समाधान पुढच्या वाक्यापर्यंत टिकलं.

“मान्य आहेत, म्हणूनच ते आता कोणी वाचणार नाही, मॅडम.”

प्रणित हे आंतरराष्ट्रीय लवादापुढे भारत सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलांपैकी एक. राहतात दिल्लीत, पण मूळचे पेणचे. त्यामुळे इथल्या साक्षीदारांना सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. साक्षीदार दोनच होते: पाण्याची तपासणी करणारी मी आणि वाघलीखार गावचे माजी सरपंच कान्हू ठाकूर.

“पाणी दूषित होतं की नाही, हा लवादापुढचा प्रश्नच नाही,” प्रणित म्हणाले. “भारताने परदेशी गुंतवणूकदाराला न्याय्य वागणूक दिली का, हा प्रश्न आहे.”

वाघलीखार कासू स्टेशनपासून खाडीच्या दिशेने, रस्ता संपतो तिथे आहे. गावची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. समुद्र बाहेर ठेवतो तो चिखलाचा एक लांब बांध, आणि त्या बांधात एक उघाडी: ओहोटीला उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला बंद होणारं झडपेचं दार. २०१४ साली ‘ओरविक’ नावाच्या कंपनीने बांधाआत जमीन घेऊन रंगद्रव्यांचा कारखाना काढला. तिची मालकी युरोपातल्या एका छोट्या देशातल्या संस्थेकडे होती. कारखान्याचं पाणी एका चरातून उघाडीकडे जाई आणि खाडीत पडे. सरपंचांच्या तक्रारीवरून मी त्या चराचे नमुने घेतले. क्रोमियम मर्यादेच्या नऊपट निघालं. पुढच्या वर्षी राज्य सरकारने सांडपाण्यावर बंदी घातली, कारखाना थांबला, आणि कंपनी इथल्या कुठल्याही न्यायालयात न जाता थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली.

“त्या देशाबरोबरचा गुंतवणूक संरक्षणाचा करार आपण रद्द केला होता ना?” मी विचारलं. वर्तमानपत्रात तसं वाचल्याचं आठवत होतं.

“२०१७ साली. पण करार रद्द झाला तरी आधीच्या गुंतवणुकीला पुढे पंधरा वर्षं संरक्षण मिळेल, असं कलम त्याच करारात आहे.”

“म्हणजे मृत्यूनंतर पंधरा वर्षं नाडी चालू.”

“तसं म्हणा हवं तर.”

“आणि या करारात कंपनीची कर्तव्यं कोणती?”

“एकही नाही. वचनं देश देतो. दावा कंपनी करते.”

“गावकऱ्यांना काय करता येतं?”

“गावकरी पक्षकार नाहीत, मॅडम.”

दोन्ही बाजू समतोल नसलेल्या विधानाला आमच्यात समीकरण म्हणत नाहीत, असं मी म्हणाले. आमच्यात त्याला करार म्हणतात, असं ते म्हणाले. त्यात विनोद नव्हता, हे मला नंतर उमगलं.

मग त्यांनी मला कंपनीचा मुख्य पुरावा पाठवला: मोबाइलवर घेतलेलं दोन मिनिटांचं चित्रण.

त्यातला प्रसंग खारातल्या, म्हणजे अशा बांधाआतल्या गावांतल्या, कोणालाही परिचित वाटला असता. थंडीत बांधाची डागडुजी होते, तेव्हा घरटी एक माणूस चिखल वाहायला येतो. बांधाआत नव्याने जमीन घेतलेल्याला त्या दिवशी ‘बांधावर घेतात’. त्याने एक पाटी चिखल बांधावर टाकायचा. गावाने म्हणायचं: बांध तुझा, उघाडी तुझी, तुझ्या पाण्यावर दार लावणार नाही. त्याने म्हणायचं: खांड गेली तर येईन. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. एवढं झालं की तो माणूस गावचा.

चित्रणात कंपनीचे व्यवस्थापक सुशील, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चिखलात उभे होते. समोर कान्हूदादा, खांद्यावर सरपंचाची शाल. “बांध तुजा, उघाडी तुजी. तुज्या पान्यावर दार लावनार नाय.” टाळ्या. सुशील हसून म्हणतात, “खांड गेली तर येईन.” पुन्हा टाळ्या.

“सरपंच हा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने राज्याचाच अवयव आहे,” प्रणित म्हणाले. “तेव्हा हे आश्वासन भारतीय प्रजासत्ताकाने दिलं, असं कंपनीचं म्हणणं आहे. त्यावर विसंबून तिने कारखाना उभारला.”

मी हसले. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही.

साक्षीच्या आधी प्रणित आणि मी कान्हूदादांच्या घरी गेलो. चराला लागून असलेलं पहिलं शेत त्यांचंच. सरकार दावा हरलं तर एक तर त्याने प्रचंड भरपाई द्यायची, नाहीतर बंदी मागे घ्यायची. आणि सरकार यातलं स्वस्त काय ते निवडील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नव्हता. बंदी उठली तर क्रोमियम सर्वांत आधी या घराच्या भातात उतरणार होतं. त्यांची पत्नी पुतळीबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या.

“एकच वाक्य लक्षात ठेवा, दादा,” प्रणित म्हणाले. “ती गावची रीत आहे. तिला कायदेशीर अर्थ नाही.”

“अर्थ नाय?” कान्हूदादांनी विचारलं. “मंग बांध कशावं उभा हाय?”

“चिखलावर,” पुतळीबाई मान वर न करता म्हणाल्या. “आनि तो चिखूल बायका वाहतात.”

“तू गप गो. वकीलसाहेब बोलतान.”

“बोलू दे की. मी काय त्यांचा तोंड धरलाय?”

प्रणितांनी पुन्हा सुरुवात केली. शब्द दिल्याचं नाकारायचं नाही, कारण चित्रण आहे. मात्र त्या शब्दाने कोणी बांधला जात नाही, एवढं सांगायचं. बंदी घातली ती पाणी विषारी निघालं म्हणून, विज्ञानाच्या आधारावर. सगळी बाजू त्या एका मुद्द्यावर उभी होती.

“त्यानं पन शब्द दिलेला. खांडीला येतो म्हनून,” कान्हूदादा म्हणाले.

“त्याचा लवादाशी संबंध नाही.”

“कसा नाय?”

“करारात कंपनीवर बंधन नाही. तिने काय पाळलं नाही, ते तिथे मोजत नाहीत.”

कान्हूदादांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेलं माणूस काहीतरी सुधारून सांगील, अशी अपेक्षा त्या पाहण्यात होती. मी मान डोलावली. शेवटी ते म्हणाले, “बरा. मी सांगतो, रीत हाय, अर्थ नाय. शेत राहिला पायजेल.”

“पाठ झाला काय?” पुतळीबाईंनी विचारलं. “बघा हां वकीलसाहेब, यांना लग्नात उखाना पन पाठ झाला नव्हता.”

साक्ष पेणच्या एका सरकारी विश्रामगृहातून पडद्यावर झाली. लवादाचे तीन सदस्य, तिघेही वेगवेगळ्या देशांचे, युरोपातल्या एका सभागृहात बसलेले. कंपनीच्या वकीलबाई इंग्रजीत विचारत आणि दुभाषा मराठीत सांगे. माझी साक्ष आधी झाली आणि फार लवकर संपली. आपल्या मोजमापाविषयी आमचा काही आक्षेप नाही, असं म्हणून वकीलबाईंनी माझे आभार मानले. तज्ज्ञ म्हणून मला खोलीत बसून राहण्याची परवानगी होती.

कान्हूदादांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं होतं. सुरुवातीची उत्तरं त्यांनी ठरल्याप्रमाणे दिली. शब्द दिला का? दिला. सरपंच असताना? व्हय. त्याचा अर्थ काय? “रीत हाय. कायद्यानं अर्थ नाय.”

प्रणितांनी कागदावर एक छोटी खूण केली.

“म्हणजे,” वकीलबाई सौम्य आवाजात म्हणाल्या, “संपूर्ण गावासमोर आपण एका पाहुण्याला निरर्थक शब्द दिलात. आपण त्याला फसवलंत.”

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं.

“फसवला?” कान्हूदादा म्हणाले. “मी?”

“शब्दाला अर्थ नव्हता, असं आपणच आता सांगितलंत.”

“माजा शब्द मी पालला. सात वरीस उघाडीवर त्याचा पानी जाऊ दिला. त्यानं पालला नाय. भादव्याच्या उधानाला खांड गेली, अख्खा गाव चिखलात उतरला. डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला गेलेली पोरा आली पलत. मी मानूस धाडला कंपनीत. वाचमन सांगतो, साहेब मिटिंगमदी हाय.”

प्रणित किंचित पुढे झुकले. साक्षीदाराला मध्ये थांबवण्याची मुभा त्यांना नव्हती.

“आणि मग आपण तक्रार केलीत?”

“मंगच केली.”

“त्या तक्रारीत आपण पाणी दूषित असल्याचं लिहिलं आहे. खांडीचा उल्लेख नाही.”

“तालुक्याच्या तक्रारीला ‘खांडीला आला नाय’ असा रकाना कुठं हाय? पान्याचा व्हता, त्यात लिवला.”

दुभाष्याने हे वाक्य इंग्रजीत नेण्यापूर्वी पाण्याचा घोट घेतला.

“पाणी दूषित आहे, हे आपल्याला कधी कळलं?”

“पयल्याच साली. जनावरा तोंड लावत नव्हती.”

“तरी सात वर्षं तक्रार केली नाहीत?”

“बांधावर घेतलेला मानूस, त्याची तक्रार कशी करनार? घरात एखादा दारू पितो, त्याला घराबाहेर काडतो काय आपुन? घान पानी म्हनजे खोड हाय. बोलून, भांडून ती सोडवायची. पन खांडीला येत नाय, तो आपला नाय. त्याच्यावर दार लावायचा. मी लावला. सरकारचा कागुद आला तवा चराचा तोंड मी माज्या हातानं चिखलानं बुजवला.”

“म्हणजे ही कारवाई प्रदूषणासाठी नव्हती. स्थानिक रीत मोडल्याची ती शिक्षा होती.”

“व्हय,” कान्हूदादा ठामपणे म्हणाले. बरोबर समजलंत, अशी मान त्यांनी हलवली. आपण खटला जिंकला, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. पलीकडच्या माणसाचा सर्वांत मोठा गुन्हा त्यांनी अखेर तीन परदेशी न्यायाधीशांसमोर मांडला होता.

“आभारी आहे. मला आणखी प्रश्न नाहीत.”

पडदा काळा झाला. प्रणितांचं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि त्याखाली शाईचा डाग पसरत होता. मी प्रयोगशाळेत एकदा काचेचं पात्र हातात असताना फुटलेलं पाहिलं आहे. रक्त येण्याआधी एक क्षण जखम पांढरी आणि कोरडी दिसते. खोलीत तसा क्षण चालू होता.

“बरा बोललो ना?” कान्हूदादांनी विचारलं.

मी मनात आकडेमोड करत राहिले. मोजमाप अचूक होतं. तक्रारीतला प्रत्येक शब्द खरा होता. साक्ष प्रामाणिक होती. या तीन खऱ्या गोष्टींच्या बेरजेचं उत्तर पराभव येत होतं आणि मला बेरजेत चूक सापडत नव्हती. त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. माझा अहवाल हे या बंदीचं कारण आहे, असं मी इतकी वर्षं मानत आले होते. तो केवळ रिकामा असलेला रकाना भरायला उपयोगी पडला होता.

निकालाची वाट पाहिली गेली नाही. काही महिन्यांनी तडजोड झाली: बंदी मागे, कारखाना सुधारित अटींवर पुन्हा सुरू. सुधारित अटी मी वाचल्या. त्यांत मर्यादा ‘टप्प्याटप्प्याने’ गाठायची होती आणि टप्पे कंपनीने ठरवायचे होते.

ही बातमी कान्हूदादांना द्यायला मी गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मी खोटा बोललो काय?” एवढंच त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मंग?”

वर्गात असा प्रश्न अडला तर मी ‘पुढच्या तासाला बघू’ म्हणते. इथे पुढचा तास नव्हता.

डागडुजीच्या दिवशी मी वाघलीखारला गेले. कारखाना सुरू होण्यापूर्वी चरातल्या पाण्याचा एक नमुना तुलनेसाठी घेऊन ठेवावा, हा उद्देश. बांधावर रांग लागली होती. चिखलाच्या पाट्या हातोहात पुढे सरकत होत्या आणि रांगेत पुरुषांपेक्षा बायका बऱ्याच जास्त होत्या. तेवढ्यात कच्च्या रस्त्यावरून एक बस आली. तिच्यातून कंपनीच्या नावाच्या टोप्या घातलेले, ठेकेदाराचे वीस कामगार उतरले. मागच्या गाडीतून सुशील उतरले. पायांत नवे कोरे गमबूट.

बांधाच्या दोन्ही अंगांना काम थांबलं. सुशील वर चढले, एका बाईच्या हातातली पाटी त्यांनी घेतली आणि चिखल बांधावर ओतला. कामगार आधीच रांगेत शिरले होते. स्थानिक रीतीकडे पुन्हा दुर्लक्ष होऊ नये, असा सल्ला कंपनीला तिच्या वकिलांनी दिला होता, हे मला नंतर समजलं. सल्ला उत्तम होता. कान्हूदादांच्या साक्षीतून त्या वकिलांनी जे शिकायचं ते नेमकं शिकून घेतलं होतं.

“दादा, आलो,” सुशील म्हणाले. “मागच्या वेळचं राहून गेलं. यापुढे खांडीलाही माणसं येतील. चोवीस तास.”

गाव कान्हूदादांकडे पाहत होतं. त्यांचा पुतण्या धनेश, डोलवीची रात्रपाळी करून तसाच आलेला, खालून ओरडला, “काका, भाड्याची मानसा ही! ही काय येनं झाला?”

“हात कुनाचं हायत ते चिखूल इचारत नाय,” कान्हूदादा म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. “आला तो आला. आल्यावर दार लावता येत नाय.”

“अरे पन इख हाय त्या पान्यात!”

“इख व्हताच की. तवा पन दार उघडाच ठेवला व्हता.”

हा माणूस लवादापुढे खरं बोलला होता, याविषयी माझ्या मनात जी काही शंका उरली असेल ती त्या क्षणी संपली. खरं बोलला असल्यामुळेच आता त्याला दुसरा मार्ग नव्हता. त्याने फावडं उचललं आणि तो बांध उतरून कारखान्याच्या भिंतीकडे निघाला. तिथे चराचं तोंड त्याने स्वतःच्या हातांनी बुजवलं होतं. आम्ही सगळे मागोमाग गेलो. सुशील अदबीने चार पावलं अंतर राखून चालत होते.

चराच्या तोंडावर, वाळून भेगाळलेल्या चिखलावर पुतळीबाई बसल्या होत्या. पाय चरात सोडलेले, लुगडं गुडघ्यांवर ओढलेलं.

“ऊठ गो,” कान्हूदादा म्हणाले.

“नाय.”

“शब्द हाय.”

“तुजा हाय. मना कोनी इचारला व्हता? चिखूल आमी वाहायचा आनि शब्द तुमी द्यायचा. मी ह्या मानसाला बांधावर घेतला नाय. कंदीच नाय. बघ आठवून.”

कान्हूदादा खरोखरच आठवू लागले. ते पाहणं कठीण होतं.

“पुतळे, लोक हसतान.”

“हसू दे. भात पिवला पडला तवा कोन आलता रडायला?”

सुशील बाजूला जाऊन फोनवर बोलू लागले. थोड्याच वेळात माझा फोन वाजला. दिल्लीहून प्रणित; कंपनीच्या वकिलांनी त्यांना लगेच कळवलं होतं.

“मॅडम, ती बाई कोण आहे? पंचायतीची सदस्य?”

“नाही.”

“माजी सदस्य? अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती? सरकारी मानधन काही?”

“काही नाही.”

“बचतगटाची अध्यक्ष तरी?”

“गटात घेतलेलंच नाही. भांडते म्हणून.”

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. “मग तिचं कृत्य हे राज्याचं कृत्य ठरत नाही. आपली जबाबदारी नाही.” पुढच्या वाक्याला त्यांचा आवाज बदलला. “पण करारात संपूर्ण संरक्षणाचंही कलम आहे. एखाद्या खासगी व्यक्तीने गुंतवणुकीला अडथळा केला आणि राज्याने तो दूर केला नाही, तर नवा दावा होऊ शकतो.”

“एका बाईवरून?”

“बायका किती आहेत, हे कलमात लिहिलेलं नसतं.”

मी चराकडे पाहिलं. कान्हूदादा फावडं हातात धरून उभे होते. ते तिच्या एका बाजूने आले, मग दुसऱ्या. जिथे फावडं मारायला जावं तिथे तिचा पाय होता. शब्द पाळायचा तर बायकोच्या खालून चिखल काढायचा, आणि तो काढायला त्यांचा हात उठत नव्हता. फावडं टाकून निघून जायलाही पाय उचलत नव्हते. सुशील पोलिसांना कळवत होते. बांधावरून दोन-चार बायका काम सोडून इकडे यायला निघाल्या होत्या.

“मॅडम, ऐकताय ना?” प्रणित विचारत होते. “तासाभरात ती उठेल, असं वाटतं का?”

पुतळीबाईंची सून भाविका डोक्यावर डबा आणि कडेवर पाण्याची कळशी घेऊन चरात उतरत होती.

“नाही,” मी म्हणाले. “तिचं जेवण इथेच आलं आहे.”